परकी जीभ

"तुम्ही खा, मी बघते."

बाई हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणायच्या. मिसळीच्या हॉटेलात, चिवड्याच्या दुकानात, भेळेच्या गाडीपाशी, कुठेही. समोर बशी आली की ती शेजारच्या प्रवाशाकडे सरकवायची, हाताची घडी घालायची आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचं. प्रवाशांना वाटायचं, केवढं हे अगत्य. मला वाटायचं, काय ही खोड. जेवताना माझ्याकडे कोणी बघितलेलं मला खपत नाही, आणि या बाईंसमोर बसून मी अकरा वर्षं जेवलो.

मी नाशिक दर्शनच्या बसवर ड्रायव्हर होतो. बावीस सीटची मिनीबस, पुढच्या काचेवर झेंडूचं तोरण, आणि माझ्या शेजारच्या बाकड्यावर उलट्या तोंडाने बसलेल्या बाई. उलट्या तोंडाने अशासाठी, की त्यांना रस्त्यापेक्षा प्रवासी बघायचे असत. "रस्ता तू बघ दादा, तुला त्यासाठीच ठेवलंय," असं म्हणायच्या. मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, तरी मला दादा म्हणत आणि लगेच अरे-तुरे करत. मी त्यांना बाई म्हणायचो. सगळं ऑफिसच बाई म्हणायचं.

तुम्ही त्या काळात नाशिकला आला असाल आणि रामकुंडावरच्या गर्दीत पाल्यासकट मुळा उंच धरून चाललेली एक ठेंगणी बाई तुम्हाला दिसली असेल, तर त्याच आमच्या बाई. बाकीचे गाईड छत्री धरत. बाईंचं म्हणणं, छत्र्या सगळ्यांकडेच असतात. म्हणून थंडीत मुळा, उन्हाळ्यात शेवग्याची शेंग आणि पावसाळ्यात पडवळ. "मुळा दिसतोय ना? मग तुम्ही हरवला नाहीत," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. संध्याकाळी तोच मुळा पिशवीत घालून त्या घरी न्यायच्या आणि भाजी करायच्या. एकदा पंचवटीत एका गाईने मागून येऊन त्यांचा अर्धा मुळा खाल्ला. बाईंनी उरलेला अर्धा तसाच वर धरला, मागे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मंडळी, इथे आपली सहल निम्मी झाली."

बाई मूळच्या मळेवाल्या. गंगापूर रोडला आता जिथे बंगले आणि दवाखाने दिसतात, तिथे त्यांच्या सासरचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. लग्न झाल्यापासून सकाळी फुलांची पाटी घेऊन त्या घाटावर बसायच्या. यात्रेकरू फुलं घेता घेता विचारायचे, हे देऊळ कुठलं, ते कुंड कुठलं. बाई सांगायच्या. सांगता सांगता त्यांच्याभोवती कोंडाळं जमायला लागलं, आणि एक दिवस आमच्या ऑफिसच्या मालकांनी त्या कोंडाळ्यात उभं राहून त्यांना ऐकलं. पुढे नवरा गेला, दिरांनी मळ्याचे प्लॉट पाडले, आणि बाई फुलांची पाटी ठेवून कायमच्या आमच्या बसमध्ये आल्या. माईक हातात असला की पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. माईक ठेवला की पुन्हा मळ्यातल्या.

हिवाळ्यात आमच्या ऑफिसने रविवारची खाऊसहल सुरू केली, ती बाईंच्या जिवावर. सकाळी मिसळ, मग चिवडा, मग कुठलं तरी गाव आणि तिथलं खाणं. बाई एखाद्या पदार्थाचं वर्णन करायला लागल्या की बसमध्ये लोक पिशव्यांतून बिस्किटं शोधायला लागायचे. मिसळीबद्दल त्या म्हणायच्या, "पहिल्या घासाला डोळ्यात पाणी येतं. दुसऱ्याला कान गरम होतात. तिसऱ्या घासाला माणूस शेजारच्याशी बोलायचं थांबतो. कोणी बोलत राहिलं तर समजा मिसळ बिघडली." ही मिसळ मी लहानपणापासून खातो. पण हे ऐकल्यावर पहिल्यांदा लक्ष ठेवून खाल्ली, आणि खरोखर माझे कान गरम झाले.

आता खाऱ्या चहाची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

त्र्यंबक रस्त्यावर एक टपरी होती. प्रवासी कुठे फोटो काढत होते, आम्ही दोघं चहाला थांबलो. टपरीवाल्याच्या बायकोने त्या दिवशी बरण्या हलवल्या होत्या. मी पहिला घोट घेतला आणि तो रस्त्यावर थुंकला. बाईंकडे बघितलं तर त्यांचा कप रिकामा.

"वेलदोडा घातलाय वाटतं," बाई म्हणाल्या. कपाच्या तळाशी साल होतं, ते त्यांना दिसलं होतं.

"बाई, चहात मीठ आहे."

बाईंनी कपात बघितलं. मग माझ्याकडे. मग कोणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुला कळलंच हाय, तर सांगते."

आदल्या वर्षी त्या दीड महिना तापाने झोपून होत्या, हे मला ठाऊक होतं. तापातून उठल्या तेव्हा चव गेलेली होती आणि वासही. डॉक्टर म्हणाले येईल. आली नाही. मिरची चावली तर जीभ भाजायची, एवढंच कळायचं. तिखट लागायचं नाही. गूळ आणि साबण तोंडात सारखेच.

"मग ते मिसळीचं? कान गरम होतात ते?"

"तुमच्या तोंडांवर सगळं लिहिलेलं असतंय रे. मी नुस्तं वाचून दाखवते." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोनाला बोलू नको दादा. चव गेलेल्या बाईला खाऊसहलीवर कोन ठेवील? मळा गेला. आता एवढंच हाय माझं."

मी कोणाला बोललो नाही. पण स्वस्थही बसलो नाही. मी घरून डबा न्यायचो. दुपारी बाईंसमोर बसून खायचो आणि चेहरा मुद्दाम मख्ख ठेवायचो. बाई आपला डबा झरझर संपवायच्या, काम उरकल्यासारखा, आणि मग माझ्याकडे बघत बसायच्या.

"आमटीत मीठ जास्त झालंय आज. पन घरी बोलू नको, तिलाबी जेवताना कळलंच असंल."

बरोबर असायचं. मी आणखी मख्ख व्हायचो.

"इतकं तोंड दाबून धरलंस म्हंजी कारलं हाय."

कारलंच असायचं. दोन-तीन वर्षांत एकदाही त्यांचं चुकलं नाही, आणि मला त्याचा मनापासून राग यायचा.

आता एका जत्रेकडे येतो. सायखेड्याच्या पुढे गोदावरीच्या काठाला एक गाव आहे. चंपाषष्ठीला आपल्याकडे खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या गावात त्यानंतरच्या पहिल्या रविवारी भरताची जत्रा भरते. त्या दिवशी बायकांनी चुलीला हात लावायचा नाही. भरीत गड्यांनी करायचं. गोवऱ्यांच्या विस्तवावर वांगी भाजायची, सोलायची, कुटायची, फोडणी द्यायची, सगळं गड्यांनी. आणि बायका नदीकाठच्या पारावर बसून हसणार. वरच्या आळीची मडकी आणि खालच्या आळीची मडकी एकमेकांत मिसळून देवळासमोर एका ओळीत मांडतात. कोणतं कोणाचं ते मडक्याच्या बुडाला कोळशाने लिहिलेलं असतं, वरून काही कळत नाही. ज्या आळीचं भरीत सरस ठरेल, तिने त्या वर्षी देवाची पालखी उचलायची.

निकाल गावातल्या कोणी द्यायचा नाही. आपल्या घरचा हात माणूस डोळे झाकूनही ओळखतो, म्हणून निकाल परक्याने द्यायचा. त्याला तिथे परकी जीभ म्हणतात. आणि ती निवडायची रीत अशी, की त्या दिवशी जो परका माणूस वेशीतून सगळ्यात आधी आत पाऊल टाकेल, ती त्या वर्षीची जीभ. मग त्याला नाही म्हणता येत नाही.

आमची बस तीन वर्षं तिथे जात होती. दर वेळी मी वेशीबाहेर बस लावायचो आणि बाई दार अडवून उभ्या राहायच्या. "आधी पाहुणे," असं म्हणून एखाद्या प्रवाशाला पुढे काढायच्या. प्रवासी खूश. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या वर्षी पुढे काढलेला प्रवासी ठाण्याचा एक गुळगुळीत तरुण निघाला. त्याने एकोणीस मडकी चाखली आणि हात जोडून सांगितलं, "सगळीच छान आहेत." घ्या. पालखी कोणी उचलायची? दोन्ही आळ्यांनी उचलायला घेतली आणि दोन्हीकडून ओढली. वर्षभर वरची आळी खालच्या आळीशी बोलत नव्हती. दोन ठरलेली लग्नं लांबली. चौथ्या वर्षीही निकाल नीट लागला नाही तर जत्राच बंद, असं सरपंचबाईंनी सांगून टाकलेलं होतं.

तो सिंहस्थाच्या आधीचा हिवाळा. सगळ्या नाशिकचे रस्ते खणून ठेवलेले. आम्हाला निघतानाच उशीर झाला, आणि वेशीपाशी पोचलो तर उसाची ट्रॉली आडवी. ट्रॅक्टरवाला मागे घेईना, पुढे घेईना. देवळाकडून हलगीचा आवाज येत होता, भाजलेल्या वांग्यांचा आणि लसणाच्या फोडणीचा वास बसमध्ये शिरला होता, आणि सकाळची मिसळ जिरवून बसलेले बावीस जण खिडक्यांतून माना बाहेर काढून बसले होते. पुण्याचे एक निवृत्त हेडमास्तर सकाळपासून वहीत लिहून घेत होते आणि बाईंना अधूनमधून हटकत होते. त्यांनी घड्याळ पुढे केलं. "बाई, कार्यक्रमपत्रिकेत बारा लिहिलं आहे."

बाई मुळा घेऊन उतरल्या. नेहमीच उतरायच्या, गर्दीतून माझी बस काढायची तर त्यांनाच माणसं हलवता यायची. ट्रॅक्टरच्या पुढे उभ्या राहून मुळ्याने खुणा करायला लागल्या. "घे, घे, अजून घे, डावीकडं काप." ट्रॅक्टर पुढे येत होता, बाई मागे सरकत होत्या. पाठ वेशीकडे. मी हॉर्न वाजवला, ओरडलो, पण हलगीपुढे माझं कोण ऐकतो. एक पाऊल, दोन पावलं, आणि बाई पाठमोऱ्या वेशीच्या आत.

हलगी थांबली. वेशीवर बसलेल्या पोरीबाळींनी भंडारा उधळला. बाई पिवळ्याधमक होऊन उभ्या, हातातला मुळासुद्धा पिवळा.

"जीभ आली," कोणीतरी ओरडलं. "औंदा गाईडबाई जीभ."

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

मी बस लावून धावत देवळापाशी गेलो तोवर त्यांना पाटावर बसवून ओवाळलंही होतं. समोर अठरा मडकी, प्रत्येकावर पळसाची पत्रावळ. एका बाजूला वरची आळी, एका बाजूला खालची, मध्ये आमचे प्रवासी. सगळे गडी काळ्या हातांनी आणि धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी उभे. खालच्या आळीचे तात्या सर्वांत पुढे. त्यांच्या भरताचं सगळ्या पंचक्रोशीत नाव होतं, आणि ते त्यांना स्वतःला सगळ्यांहून जास्त माहीत होतं. आमचे प्रवासी तर हरखून गेले होते. त्यांच्याच गाईडला मान मिळाला होता. एकजण टाळ्या वाजवत होता.

बाईंनी पहिल्या मडक्यातला घास घेतला. दुसऱ्यातला घेतला. त्यांचा चेहरा मी इतका मख्ख कधी बघितला नव्हता. तिसरा घास घेताना मी पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांच्यापाशी वाकलो आणि कानात म्हणालो, "बाई, कोणत्याही मडक्यावर बोट ठेवा आणि मोकळ्या व्हा. कोणाला कळणार आहे?"

बाईंनी पेला घेतला, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "येक वर्स हे लोक येकमेकांशी बोलले नाय दादा. आन् मी डोळे मिटून बोट ठिवू?"

त्या उठून उभ्या राहिल्या. माईक नव्हता, पण आधी शुद्धच बोलल्या. "मंडळी, मला क्षमा करा. मला चव कळत नाही." आणि मग ते शुद्ध त्यांना पुढे रेटवेना. "चार वर्सं झाली. तापात गेली. गोड कळत नाय, खारट कळत नाय, वासबी येत नाय. माझ्या जिभेवर तुमी भरीत ठिवा का माती ठिवा. मी लपवून ठिवलं व्हतं. पन तुमच्या देवाच्या दारात कसं लपवू?"

विस्तवावर एक वांगं फुटलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. मी प्रवाशांकडे बघितलं. हेडमास्तरांनी वही उघडली होती आणि पेन हातात तसंच होतं. मला वाटलं, संपलं. उद्या सकाळी मालकांच्या टेबलावर ही वही येणार आणि बाई पुन्हा फुलांची पाटी घेऊन घाटावर.

"म्हंजी आमची जत्रा फुकट," तात्या म्हणाले. "गेल्या साली जीभ होती तर अक्कल नव्हती. औंदा जीभच नाय."

बाईंनी मान वर केली. "येक मागते. तुमी समदे खा. समद्या मडक्यांतलं, पायजे तेवढं. मी बघते."

"बघून काय कळनार?"

"मला तेवढंच कळतंय."

सरपंचबाई पारावरून उतरल्या. डोक्यावरचा पदर नीट करून दोन्ही आळ्यांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या जिभा काय कमी हायेत का? त्या जिभांनी वर्सभर काय केलं ते समद्या गावानं ऐकलं. बघू दे बाईला. पत्रावळी काढा."

आणि मग जी झुंबड उडाली. अठरा मडकी, तीन-चारशे माणसं आणि आमचे बावीस. बाजरीचे रोडगे मोडले जात होते, कांद्याच्या पातीच्या जुड्या हातोहात फिरत होत्या. एरवी आपापल्या आळीत जेवणारी माणसं मडक्यांवरून एकमेकांना धक्के देत होती. मडकं कोणाचं ते माहीत नाही, त्यामुळे कोणाला सोडायचं तेही माहीत नाही. आमच्या बसमधल्या एक बाई वांगं खात नाहीत म्हणून सकाळपासून सांगत होत्या; त्या पाचव्या मडक्यापाशी सापडल्या. मीही खाल्लं, खोटं कशाला बोलू. आणि या सगळ्यात बाई मुळा काखेत धरून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत होत्या. कधी थांबायच्या, कधी मागे यायच्या. एकदा पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि एकदम वळल्या. त्यांच्या गालांवर भंडारा होता आणि डोळे असे चमकत होते की मला एकदम जाणवलं, या बाईला आत्ता कशाचीच भीती उरलेली नाही.

अर्ध्या तासाने बाई एका मडक्यापाशी आल्या आणि त्याच्या तोंडावर मुळा आडवा ठेवला.

"हे."

सरपंचबाईंनी मडकं उलटं केलं. उलटं करताना सांडायला आत काही उरलेलंच नव्हतं. बुडावरचं नाव वाचलं. वरच्या आळीतला, शाळेतला शिपाई. बिचारा पहिल्यांदाच भरीत करत होता. बायको पारावरून खुणा करत होती तरी त्याने तिकडे बघितलं नव्हतं. वरच्या आळीने एकच गलका केला.

"थांबा," तात्या पुढे आले. "जिला चव नाय तिचा न्याव आमी का मानायचा?"

बाई म्हणाल्या, "तात्या, माझा मानूच नका. तुमचाच माना. तुमी तुमच्या मडक्यापाशी येकदाबी गेला नाय. ह्या मडक्यापाशी तीनदा आला. तिसऱ्या येळी रोडगा पाठीमागं लपवून आला. आन् बाजूच्या मानसाला म्हनला, ही खरी आपल्या आळीची चव."

सगळं गाव तात्यांकडे वळलं. तात्यांच्या मिशीला भरीत होतं. त्यांनी ते पुसलं, हाताकडे बघितलं, आणि गाव ज्याची वाट बघत होतं ते भांडण काही त्यांच्याकडून होईना. मग ते त्या शिपायाकडे वळून म्हणाले, "शेंगदाने भाजून घातले का रं कच्चे?"

"भाजून, तात्या."

"मीठ बेतात व्हतं," तात्या म्हणाले. वर्षभरात खालच्या आळीने वरच्या आळीला बोललेलं ते पहिलं वाक्य.

परतीच्या वाटेवर बाई पहिल्यांदाच तोंड पुढे करून बसल्या. प्रवाशांकडे बघवत नव्हतं त्यांना. ओढ्याचा पूल गेला, द्राक्षबागा गेल्या. मग हेडमास्तर धरत धरत पुढे आले. "बाई, एक शंका. सकाळी मिसळीचं तुम्ही जे सांगितलंत, ते कशावरून?"

"तुमच्यासारख्यांच्या तोंडावरून, गुरुजी," बाई न वळता म्हणाल्या.

"आणि चिवड्यात आज बडीशेप जास्त आहे म्हणालात?"

"तुम्ही दोनदा दाताला जीभ लावली."

हेडमास्तर "असं होय," म्हणाले आणि जागेवर जाऊन लिहायला लागले. उतरताना त्यांनी ऑफिसची अभिप्रायाची वही मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मालकांनी ती आम्हा दोघांसमोर उघडली. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. वहीत वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या. 'आपल्या गाईडना चव कळत नाही, हे पत्रिकेत नमूद करावे. पुढील वर्षी मी सहकुटुंब येईन, गाईड याच असाव्यात.' मालकांनी ते दोनदा वाचलं, वही मिटली आणि मला विचारलं, गाडीचं ऑइल बदललं का. बाई बाहेर आल्या, जिन्यात बसल्या आणि खूप रडल्या. मीही शेजारी बसलो.

त्यानंतर वेशीपाशी आमची बस दिसली की गावातले लोक स्वतःच दारापाशी येऊन बाईंना आधी उतरवून घ्यायचे. तीन वर्षं त्याच परकी जीभ होत्या. परकी म्हणायचं आपलं रीत म्हणून. गावात त्यांना न ओळखणारं कुत्रंही नव्हतं.

मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि बाईंनी काम सोडलं. मी दर जत्रेला त्यांच्यासाठी डबाभर भरीत आणायचो. त्यांच्या दोन खोल्यांत पोचलो की त्या मला खिडकीसमोर बसवायच्या, "उजेडात बस, आता बारीक दिसत नाय," म्हणायच्या आणि डबा माझ्याचपुढे सरकवायच्या.

"तू खा, मी बघते."

आणि मी खायचो. ज्याला जेवताना कोणी बघितलेलं खपत नाही, तो मी. एका वर्षी दोन-तीन घासांनंतर बाई म्हणाल्या, "मीठ कमी हाय का?"

"नाही बाई. बरोबर आहे."

"मंग तुझं काय बिनसलंय?"

त्या आठवड्यात माझ्या वडिलांच्या आजाराचं निदान झालं होतं. मी घरीसुद्धा अजून नीट सांगितलेलं नव्हतं. बाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग रोडग्याचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

पुढच्या कार्तिकात बाई गेल्या. झोपेतच गेल्या, असं शेजारच्यांनी सांगितलं.

महिन्याभराने मी जत्रेला बस नेली. नवा गाईड होता, तरणा, शिट्टी वाजवणारा. हुशार आहे. वेशीत या वर्षी ट्रॉली नव्हती. देवळासमोर मडकी मांडली होती, आणि ओळीच्या टोकाला सरपंचबाईंनी एक रिकामा पाट ठेवून त्यावर पाल्यासकट मुळा ठेवला होता. तात्या मला हाताला धरून घेऊन गेले, स्वतःच्या मडक्यातलं भरीत वाढलं आणि म्हणाले, "औंदा मीठ कसं हाय ते सांग."

मी घास तोंडात घेतला, आणि सवयीने मान वर करून समोर बघितलं. समोर पाट होता. तात्या उत्तराची वाट बघत उभे होते, आणि मला काही केल्या सांगता येईना.